'प्रारंभी शब्द होता' म्हणजे नेमकं काय? शब्द म्हणजे बायबल, की येशू, की आपलं शब्दब्रह्म?

डिचोलीकर_७७

नमस्कार मंडळी. प्रश्न धर्माचा आहे पण वाद पेटवायला टाकत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय, म्हणून आधीच हात जोडतो. नाताळाला ऑफिसातल्या मित्राकडे दरवर्षी जेवायला जातो, म्हापशाच्या बाजूला, यंदा तो म्हणाला आधी सकाळच्या मीसला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला ये मग घरी जाऊया. गेलो. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या अंगणात केवढा तरी मोठा गोठा केलेला, गवत, गाई, मेंढरं, तारा लटकवलेला, त्यामुळे मला वाटलं की आत तीच गोष्ट वाचणार, मारिया, जुझे, मेंढपाळ वगैरे. तर फादरनी वाचलं भलतंच. ना गोठा ना बाळ. नुसतं 'उतर' 'उतर' (कोंकणीत उतर म्हणजे शब्द) चाललेलं, आणि ते उतर म्हणे जग व्हायच्या आधीपासून होतं.

घरी येऊन मोबाइलवर मराठी बायबल उघडलं. योहानाचं शुभवर्तमान, पहिलीच ओळ: 'प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता आणि शब्द देव होता.' आता मला सांगा, 'सह' म्हटलं की दोघे आले, आणि पुढच्याच दमात 'देव होता' म्हटलं की एकच उरला, हे दोन्ही एका वाक्यात कसं बसतं? शिवाय मीसमध्ये वाचन संपलं की वाचणारा म्हणतो हे देवाचं वचन आणि सगळे मिळून उत्तर देतात, मग शब्द म्हणजे ते पुस्तक का? मित्राला विचारलं तर म्हणतो 'शब्द म्हणजे जेझू, येशू रे, तू दोदोल खा.' (दोदोल म्हणजे नाताळातलं गोड.)

आमचे आजोबा कीर्तन करायचे, त्यामुळे शब्दब्रह्म, नाद, ओंकार हे लहानपणापासून कानावर आहे. पहिल्या चार-पाच ओळी वाचून मला तर वाटलं अरे हे आपलंच की. पण चौदाव्या ओळीत 'शब्द देही झाला' आलं आणि तिथे मी अडकलो. ओंकार देही होतो असं काही आजोबांनी सांगितलेलं आठवत नाही. कोणी नीट सांगेल का? प्रवचन नको, अर्थ सांगा.

साष्टीची_टीचर

डिचोलीकरबाब, मी दोतोर्न शिकवते, म्हणजे आमच्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, त्यामुळे हा प्रश्न दर डिसेंबरला मला येतोच, फक्त विचारणारे दहा वर्षांचे असतात.

आधी तुमचा गोठा कुठे गेला ते सांगते. नाताळाला मध्यरात्रीचा मीस, पहाटेचा मीस आणि दिवसाचा मीस अशी तिन्हींची वाचनं वेगळी ठरलेली आहेत. मध्यरात्री लूकमधला जन्म वाचतात, पहाटे लूकमधलेच मेंढपाळ, आणि दिवसा योहान १, ओवी १ ते १८. तुम्ही दिवसाच्या मीसला गेलात. आदल्या रात्री आला असता तर गोठा मिळाला असता :) आणि योहानाच्या पुस्तकात गोठा मुळातच नाही, बेथलेहेमची रात्र नाही, मागी म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी नाहीत, काही नाही. मत्तय आणि लूक जन्मापासून सुरू करतात, मार्क तर थेट बाप्तिस्म्यापासून, आणि योहान म्हणतो मी त्याच्याही मागे जातो, जगाच्या आधी.

आता पुस्तकाचं. शब्द म्हणजे बायबल नाही. योहानाने हे लिहिलं तेव्हा नवा करार नावाचं बांधलेलं पुस्तकच नव्हतं, तेव्हा तो स्वतःच्या पुस्तकाला देव म्हणतोय असं होऊच शकत नाही. कॅथलिक कॅटेकिझम म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, त्याच्या १०८ व्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्ती धर्म हा 'पुस्तकाचा धर्म' नव्हे, तो देवाच्या शब्दाचा धर्म आहे, आणि तो शब्द लिहिलेला मुका शब्द नाही तर देह घेतलेला जिवंत शब्द आहे. हे मूळ वाक्य संत बर्नार्डचं, बाराव्या शतकातलं. मग वाचनाला 'देवाचं वचन' का म्हणतो, तर ते त्या शब्दाची साक्ष देतं म्हणून. योहानाच्याच पाचव्या अध्यायात येशू आपल्या यहुदी विरोधकांना म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख शोधत बसता, तेच तर माझ्याविषयी साक्ष देतात, आणि तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. म्हणजे पुस्तक हातात धरून माणूस चुकवता येतो, हे तिथेच सांगून ठेवलंय.

तुमच्या मित्राचं उत्तर बरोबरच आहे हो, फक्त दोदोलमुळे तुम्ही मनावर घेतलं नाही.

अजून एक. दुपारी बाराला इगर्जीची घंट वाजते ना, गावात जुनी माणसं हातातलं काम सोडून उभी राहतात, ती आंजेलुसची प्रार्थना. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. त्यातला तिसरा भाग म्हणजे हीच तुमची चौदावी ओवी, 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली'. आणि जुन्या लॅटिन मीसात तर शेवटी जवळजवळ रोजच या प्रस्तावनेच्या पहिल्या चौदा ओव्या वाचायचे आणि या ओळीला सगळे गुडघा टेकायचे, १९६०च्या दशकात बदल झाले तेव्हा ते बंद झालं. आमच्या आजीला लॅटिनचं ओ की ठो कळत नव्हतं पण गुडघा कुठे टेकायचा ते बरोब्बर माहीत.

पेडण्याचा_माळकरी

काय फरक आहे सांगा ना? भर्तृहरी वाक्यपदीयच्या पहिल्याच कारिकेत म्हणतो 'अनादिनिधनं ब्रह्म शब्दतत्त्वं यदक्षरम्', ज्याला आदि नाही अंत नाही असं ब्रह्म म्हणजेच शब्दतत्त्व, आणि त्यातूनच जगाचा पसारा. पाचव्या शतकातला व्याकरणकार. ज्ञानोबा माउली पहिल्या अध्यायात गणपतीलाच शब्दब्रह्माची मूर्ती करतात. आणि तुकोबांनी तर विषयच संपवला, 'तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव, शब्देंचि गौरव पूजा करूं'. योहान आणि तुकोबा एकच बोलतायत, भाषा वेगळी. बाकी सगळी भांडणं पाद्री-भटांची.

वाचनालयातला_कोपरा

माळकरीबुवा, तुकोबांचा अभंग मलाही तोंडपाठ आहे, पण तो वरून पुन्हा वाचा. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें', तिथे तुकोबा बोलतायत आपल्या वाणीबद्दल, अभंगाबद्दल, शब्द हीच रत्नं, शब्द हीच शस्त्रं, शब्दच जिवाचं जीवन. अफाटच आहे ते. पण तिथला शब्द माणसाच्या तोंडून देवाकडे जातोय. योहानाचा शब्द देवाकडून माणसाकडे येतोय. हा फरक बारीक नाहीये. भर्तृहरी जास्त जवळ आहे, ते मान्य, त्याच्याकडे मी शेवटी येतो.

डिचोलीकर, तुमचा 'सह' आणि 'होता' हा प्रश्न म्हणजे ख्रिस्ती धर्मातली पहिल्या चारशे वर्षांची भांडणं आहेत, एका ओळीत तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. मी ख्रिस्ती नाही, पण पणजीला लायब्ररीत बसून बरंच वाचलंय, तर जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो, लांबण लागली तर माफी.

योहान यहुदी परंपरेतून लिहितोय हे पहिलं लक्षात ठेवा, ग्रीक तत्त्वज्ञान नंतर. 'प्रारंभी' हा शब्द त्याने मुद्दाम उचललाय, जुन्या कराराची पहिली ओळ 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली' अशीच सुरू होते, यहुदी कानाला ते लगेच कळणार. आणि तिथे देव निर्माण करतो कसा, हाताने नाही, हत्याराने नाही, बोलून. देव बोलला 'प्रकाश होवो' आणि प्रकाश झाला. स्तोत्र ३३ मध्ये परत तेच, परमेश्वराच्या शब्दाने आकाश झालं. यशया ५५ मध्ये देव म्हणतो, पाऊस जसा जमीन भिजवल्याशिवाय परत जात नाही तसा माझ्या तोंडचा शब्द काम केल्याशिवाय परत येत नाही. म्हणजे इथे शब्द ही माहिती नाही, आवाजही नाही, ती कृती आहे. देव बोलला म्हणजे घडलं. (आपल्याकडे ब्रह्मवाक्य म्हणतात त्याच्या जवळ जातं थोडं, पण ते असो.)

त्याच्या जोडीला नीतिसूत्रांचा आठवा अध्याय घ्या, तिथे ज्ञान एखाद्या बाईसारखं बोलतं, म्हणतं देवाने जग केलं तेव्हा मी त्याच्यापाशी होते. आणि सिराखच्या २४व्या अध्यायात हेच ज्ञान राहायला जागा शोधत फिरतं आणि देव त्याला सांगतो की तुझा तंबू याकोबात ठोक. हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही, म्हणून अर्ध्या लोकांना हा दुवा माहीतच नसतो. कारण योहान १:१४ मध्ये 'वस्ती केली' जे आहे ना, तिथे मूळ क्रियापद तंबू ठोकण्याचंच आहे. वाळवंटात इस्राएल लोकांबरोबर देवाचा तंबू फिरायचा, तो तंबू आता एक माणूस झाला, असं त्याला म्हणायचंय.

आता ग्रीक बाजू. योहानाने मूळ ग्रीकमध्ये 'शब्द' साठी लोगोस वापरलाय, आणि लोगोस त्या जगात आधीच फिरत होता. एफिससचा हेराक्लिटस, इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचा, तो म्हणायचा सगळं लोगोसप्रमाणे चालतं. स्टोइक नावाच्या तत्त्वज्ञांच्या पंथातले लोक लोगोसला जगात भरून राहिलेली बुद्धी म्हणायचे. आणि चर्चची परंपरा सांगते की योहानाने हे शुभवर्तमान लिहिलं ते एफिससलाच. अलेक्झांड्रियाचा फिलो, यहुदी होता, येशूच्याच काळातला, त्याने ग्रीक आणि यहुदी दोन्ही जोडून लोगोसला देवाचा ज्येष्ठ पुत्र आणि एके ठिकाणी 'दुसरा देव' असंसुद्धा म्हटलंय. म्हणजे 'देवापाशी असलेला आणि देवासारखाच असलेला शब्द' ही कल्पना हवेत होतीच.

मग योहानाने नवीन काय केलं? चौदावी ओवी. बस. फिलोचा लोगोस कधीच कुणाच्या पोटी जन्माला येत नाही, त्याला तहान लागत नाही, त्याला कोणी खिळे मारत नाही. हे माझं डोकं नाही, ऑगस्टीनचं आहे, चौथ्या शतकात आफ्रिकेत जन्मलेला मोठा संत. तो आपल्या कबुलीजबाबात सातव्या भागात लिहितो की प्लेटोवाद्यांची पुस्तकं वाचली, त्यात शब्दांनी नाही पण अर्थाने हे सगळं सापडलं की प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, सगळं त्याच्यामार्फत झालं. पण शब्द देही झाला, हे मात्र मी तिथे वाचलं नाही. डिचोलीकर, तुम्ही जिथे अडकलात, तो तिथेच अडकला होता. म्हणून मी म्हणतो की एक ते तेरा ओव्यांपर्यंत भर्तृहरी, स्टोइक, फिलो, आपण सगळे बरोबर चालू शकतो, थोडी ओढाताण करून. चौदाव्याला वाटा वेगळ्या होतात. भर्तृहरीचं शब्दतत्त्व जगाच्या रूपाने भासतं, सगळीकडेच, कायमच. योहानाचा शब्द एका ठरावीक गावात, ठरावीक रोमन राजवटीत, एका आईच्या पोटी येतो आणि मरतो. याला 'एकच आहे' म्हणणं म्हणजे दोघांचंही न ऐकणं.

आणि तुमचा 'सह'चा प्रश्न. थोडक्यात असं की 'सह' सांगतं तो कोण नाही, म्हणजे तो पिता नाही, आणि 'देव होता' सांगतं तो काय आहे. पुढे चर्चने याला एक देव, तीन व्यक्ती म्हटलं. पटो न पटो, पण वाक्य गोंधळलेलं नाही, मुद्दाम तसं रचलंय.

रेल्वे_स्टेशन_रोड

मध्येच विचारतो. आमच्या दारावर मासिकं घेऊन येणारे असतात, यहोवाचे साक्षीदार, चांगली माणसं आहेत, ते सांगतात की तिथे 'शब्द देव होता' असं नाहीच, 'शब्द एक देव होता' असं आहे, मूळ ग्रीकमध्ये. खरं काय?

वाचनालयातला_कोपरा

त्यांच्या बायबलात तसं छापलंय हे खरं. कारण असं की ग्रीकमध्ये त्या तिसऱ्या तुकड्यात देव शब्दाच्या आधी निश्चित उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखं) नाही. पण त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या ओव्यांत पण देव शब्दाला उपपद नाही आणि तिथे ते स्वतःही 'एक देव' करत नाहीत. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं की उपपद लावलं असतं तर शब्द आणि पिता ही एकच व्यक्ती आहे असं झालं असतं आणि आधीचं 'सह' खोटं पडलं असतं. शिवाय याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात थॉमस, आपल्याकडे भारतात आला म्हणतात तोच थॉमस, उठलेल्या येशूला बघून म्हणतो 'माझा प्रभू आणि माझा देव', आणि येशू त्याला अडवत नाही. सुरुवातीला जे सांगितलं ते शेवटी एका संशय घेणाऱ्याच्या तोंडून वदवलंय.

बाकी हा वाद त्यांनी काढलेला नाही, खूप जुना आहे. अलेक्झांड्रियात आरियस नावाचा पाद्री होता, त्याचं म्हणणं शब्द सगळ्यात मोठा, सगळ्याच्या आधीचा, पण शेवटी निर्माण केलेलाच, 'तो नव्हता असा एक काळ होता'. आणि त्याला आधार काय तर तेच नीतिसूत्रं ८, कारण तिथे ज्ञान म्हणतं परमेश्वराने मला उत्पन्न केलं. ३२५ साली निकियाला बिशपांची सभा भरली आणि आरियस हरला. गंमत म्हणजे तिथे जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली ठरली, जी पुढे ३८१ साली वाढवलेल्या रूपात आजही मीसमध्ये म्हणतात, त्यात 'शब्द' हा शब्द नाही, 'पुत्र' आहे. मला वाटतं त्यांना कळलं असणार की शब्द म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या पोथीतला अर्थ घेऊन येतो. आत्ता या थ्रेडवर आपण तेच करतोय.

मुरगावचा_दर्यावर्दी

सलाम सगळ्यांना. मी मुसलमान, वास्कोला राहतो, सगळं वाचून काढलं, राहवलं नाही म्हणून लिहितो. कुराणात सूरह निसाच्या १७१व्या आयतीत हजरत ईसांना अल्लाहचा 'कलिमा' म्हटलंय, म्हणजे त्याचा शब्द, जो त्याने मरियमकडे पाठवला. पण त्याच आयतीत पुढे बजावलंय की 'तीन' म्हणू नका. आमच्याकडे अर्थ असा लावतात की अल्लाहने 'हो' म्हटलं आणि बापाशिवाय ईसा झाले, म्हणून ते त्याचा शब्द. म्हणजे शब्दाने झालेले. तुमच्याकडे शब्दच झाला. एवढ्याशा जागेत दोन धर्म वेगळे होतात.

आणि डिचोलीकरभाऊंच्या पुस्तकाच्या प्रश्नावर एक सांगतो. लोक येशू आणि पैगंबर यांची तुलना करतात, आणि बायबल आणि कुराणाची. खरी जोडी तशी लागत नाही. ख्रिस्ती लोकांमध्ये देवाचा शब्द माणूस होऊन आला, आमच्याकडे देवाचा शब्द कुराण म्हणून आला. म्हणजे तुमच्याकडे येशूची जी जागा, ती आमच्याकडे कुराणाची. त्यामुळे भांडणंसुद्धा सारखीच झाली बघा, बगदादमध्ये नवव्या शतकात खलिफाच्या दरबारात वाद की कुराण निर्माण केलेलं की अनादि, निर्माण केलेलं आहे असं म्हणत नाही म्हणून इमाम अहमद इब्न हंबल यांना तुरुंगात टाकलं, फटके मारले. म्हणजे आरियसचाच प्रश्न, आणि तो विचारणारे वेगळे लोक. शेवटी आमच्याकडेही अनादि म्हणणारेच जिंकले.

डिचोलीकर_७७

वा. दर्यावर्दीबाब, हे मी कुठेच ऐकलं नव्हतं, ती जोडी लावून बघितली आणि पुस्तकाचा गुंता एकदम सुटला. टीचरबाय आणि कोपरेसाहेब तुमचेही आभार.

आता पुढचा प्रश्न, आणि हा मला जास्त खुपतो. समजा शब्द एकदाच, एकाच माणसात देही झाला. मग त्याच्या आधीची माणसं? आणि ज्यांच्यापर्यंत ही गोष्टच पोचली नाही ती? माझे आजोबा जन्मभर देवाचं नाव घेत गेले, त्यांच्याकडे शब्द आलाच नाही असं का? ख्रिस्ती लोक यावर काय म्हणतात, सरळ सांगा, मला वाईट वाटणार नाही.

साष्टीची_टीचर

नववी ओवी वाचा. तो खरा प्रकाश, प्रत्येक माणसाला प्रकाश देणारा. प्रत्येक, फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा हुतात्मा होऊन गेला, आधी तत्त्वज्ञानी होता, त्याने यावरूनच म्हटलं की शब्दाचं बीज सगळ्या मानवजातीत पेरलेलं आहे आणि जे जे त्या शब्दाला धरून जगले ते ख्रिस्तीच, लोकांनी त्यांना नास्तिक ठरवलं तरी, आणि उदाहरण म्हणून तो सॉक्रेटिस आणि हेराक्लिटसची नावं घेतो! म्हणजे येशूच्या चारशे-पाचशे वर्षं आधीची माणसं. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने इतर धर्मांवर जो दस्तावेज काढला त्यात पण हाच सूर आहे, की त्यांच्यात त्या सत्याचा किरण अनेकदा दिसतो आणि जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. हिंदू धर्माचं नाव घेऊन लिहिलंय त्यात. तुमच्या आजोबांबद्दल निकाल द्यायला मी कोण, पण नववी ओवी चौदावीच्या आधी आहे, एवढं मी पोरांना सांगते.

पेडण्याचा_माळकरी

टीचरबाय, हे छान बोललात, पण आमच्या तुकोबांना 'तुम्ही पण आमचेच हो, तुम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणणं हा मान आहे की काय आहे? मी उद्या म्हटलं येशू पण वारकरीच, तर?

साष्टीची_टीचर

तर मी रागावणार नाही, आषाढीला येईन :) पण मुद्दा मान्य आहे, जस्टिनच्या वाक्याला ती धार आहेच. तो मान द्यायला गेला आणि नावं आपल्या वहीत लिहून आला.

एस्तेर_नव्हे_रूथ

प्रोटेस्टंट बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून मी. माझं माहेर अहमदनगरकडचं, मराठी ख्रिस्ती, लग्न होऊन मडगावला. आमच्याकडे वचन म्हणजे आधी बायबलच, लहानपणी वचनं पाठ करायची स्पर्धा असायची, त्यामुळे टीचरबाईंचं 'पुस्तक म्हणजे शब्द नाही' हे ऐकून आमच्या चर्चमधले काही जण भुवया उंचावतील. पण विसाव्या शतकातला आमचा सगळ्यात मोठा विचारवंत कार्ल बार्थ, त्याने शब्दाची तीन रूपं सांगितली, प्रवचनातून सांगितलेला, शास्त्रात लिहिलेला, आणि येशूमध्ये प्रकट झालेला, आणि पहिली दोन तिसऱ्याच्या जिवावर. म्हणजे टीचरबाईंपासून फार लांब नाही.

पण जस्टिनचं बीज त्याला चाललं नसतं. आणि तो नुसता हट्ट नव्हता, कारण बघा. जर्मनीत १९३३ नंतर हिटलरला मानणारे ख्रिस्ती म्हणायला लागले की देव बायबलमध्ये बोलला तसा आपल्या वंशातून, आपल्या इतिहासातून, आपल्या नेत्यातूनसुद्धा बोलतोय. त्याच्याविरुद्ध १९३४च्या मे महिन्यात बार्मेनला चर्चच्या लोकांनी जाहीरनामा काढला, मसुदा मुख्यतः बार्थचा, आणि पहिलंच कलम की शास्त्र ज्याची साक्ष देतं तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, जगताना आणि मरताना त्याचंच ऐकायचं, त्याच्याशेजारी दुसरी कोणतीही घटना, सत्ता, माणूस देवाचं प्रकटीकरण म्हणून चर्चने मानायचा नाही. तर 'एकमेव' हा शब्द तिथे तुमच्या आजोबांच्या विरुद्ध नव्हता, तो गणवेश घातलेल्यांच्या विरुद्ध होता. सगळीकडे देवाचा शब्द ऐकू येतो म्हणायला गोड वाटतं, पण मग नेत्याच्या भाषणातही ऐकू यायला लागतो, आणि त्याला नाही म्हणायला हातात काही उरत नाही.

पेडण्याचा_माळकरी

हे पटलं बाई. खरंच पटलं. नेता म्हणजे देव हे आमच्याकडेही चालू असतं. पण १९३४ची भीती घेऊन १६१६च्या रायतूरला बघू नका. फादर स्टीफन्स, इंग्रज माणूस, साष्टीत राहून ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहितो आणि सुरुवात करतो 'वो नमो विश्वभरिता'. माउलींचा 'ॐ नमो जी आद्या' कानात असल्याशिवाय हे येतं का? म्हणजे इथल्या शब्दात काहीतरी आहे हे त्याला दिसलं होतंच.

वाचनालयातला_कोपरा

दिसलं होतं, पण काय दिसलं ते नीट बघूया. छंद घेतला, नमनाची रीत घेतली, पुराण हे नाव घेतलं, मराठीचं कौतुक तर इतकं केलं की आपण आजही भाषणात तेच वापरतो. पण आतला मजकूर आदाम-एवापासून येशूच्या पुन्हा उठण्यापर्यंत बायबलचा, आणि इथल्या देवांवर टीका करणाऱ्या ओव्याही त्यात आहेत, त्या कोणी भाषणात म्हणत नाही. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं पुराण येशूच्या चरित्राचं, म्हणजे सगळा ओघ त्या चौदाव्या ओवीकडेच. छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे जमले नाहीत. आणि १६८४ला पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, म्हणजे ज्या बोलीत शब्द लोकांपर्यंत पोचला होता तीच बंद करायला निघाले. बार्थवाल्या बाईंचा मुद्दा आणि तुमचा मुद्दा, दोन्ही त्या एका पुस्तकात आहेत, माळकरीबुवा. मूळ ओव्या जुन्या मराठीत आहेत पण ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला अवघड जाणार नाहीत, देवनागरी आवृत्ती निघालेली आहे, दुसऱ्या पुराणापासून सुरू केलंत तरी चालेल.